गोदूच्या ताटलीतली पेज

नेरे गावच्या काशीरामनं जन्मभर भात पिकवला, त्यामुळं वाया गेलेलं शीत त्याला बघवत नसे. पनवेलच्या दवाखान्यात त्याची बायको गोदू न्यूमोनियानं पडली होती. ती दोन घास खाऊन तोंड फिरवायची, की उरलेली पेज हा त्याच चमच्यानं संपवायचा. शौचाचं भांडंही तोच धरायचा, नर्सला हात लावू देईल तर शपथ!

"बाबा, आईंचं उष्टं भारी गोड लागतंय हल्ली," सून रंजिता चिडवायची. भांडं ठेवून आला की त्याच्या तळहातावर सॅनिटायझर ओतायची आणि निर्धास्त व्हायची.

मग गोदूला जुलाब लागले ते थांबेचनात. म्हातारी पार चिपाड झाली.

डॉक्टरीणबाईंनी रंजिताला बाजूला घेतलं. "न्यूमोनियाच्या औषधांनी पोटातले चांगले जंतूही मेले, आणि दवाखान्यातल्या वाईट जंतूचं फावलं. जगभर म्हाताऱ्या माणसांना तो असाच गाठतो, कित्येकांना घेऊनही जातो. यांना औषध सुरू केलंय. पण तो शौचातून हाताला लागतो आणि सॅनिटायझरनं मरत नाही, हात साबणानंच धुवा. घरात आणखी कुणी वयस्कर आहे? अँटिबायोटिक घेणारं?"

दाढ सुजली म्हणून काशीरामला तसल्याच गोळ्या चालू होत्या.

तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो हसला. "अगं, जल्मभर एका ताटात जेवलो आमी. मना काय व्हतंय?" हात मात्र त्यानं निमूट धुतले. रंजिताला हसू येईना. तो खुर्चीतून उठला तरी तिचा जीव उडायचा. कुठं निघालात, हे विचारायचीही तिला भीती वाटायची. आपण चिडवत बसलो, अडवलं का नाही, म्हणून ती स्वतःवरच चरफडायची.

गोदूला मात्र उतार पडला. घरी सोडायच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून तयार बसली, पण काशीराम खुर्चीत नव्हता. रंजिता संडासाकडं धावली. दार आतून बंद होतं.

"बाबा?"

तिनं दार ठोठावलं.

"कालपास्नं लागलंय गं," आतून क्षीण आवाज आला. "डॉक्टरला बोलव. पन गोदूला सांगू नको. कललं तर ती घरी जायाची नाय, हितंच बसंल माझं भांडं धरायला."

मागून गोदूची हाक आली, "अवो, चला ना!"