गुरुवारपासूनचे तेरा दिवस

१९७४ च्या जानेवारीत आमच्या मुलीचं, ताहेराचं लग्न झालं. ती सासरी गेली आणि चिंचवडच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको झुलेखा आणि माझा धाकटा भाऊ कादर एवढेच उरलो. कादर मेंढरांचा व्यापार करायचा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो चाकणच्या बाजाराला गेला. तिथं त्यानं स्वतः एक मेंढरू कापून सोललं. बुधवारी त्याला ताप भरला. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, नाकातून आलं, ते थांबेना. आठ दिवसांनी, गुरुवारी, तो गेला. झुलेखा शेवटपर्यंत त्याचं तोंड पुसत होती. गुसल, मयताची शेवटची आंघोळ, मी दिली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून डॉक्टरीणबाई आल्या. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्यांनी मांडीवर घेतलं.

"बाजार शनिवारी, ताप बुधवारी. मेंढराच्या रक्तातून आला असावा, चार दिवसांत. माणसाकडून माणसाला यायला जास्त दिवसही लागतात. तुम्ही दोघांनी त्यांना शेवटचा हात कधी लावला?"

"काल," मी म्हणालो.

"मग कालपासून तेरा दिवस घराबाहेर पडायचं नाही. ताप आला नाही तर सुटलात."

रोज पहाटे झुलेखा माझ्या कपाळावर हात ठेवायची, मी तिच्या. शेजारचे हिंदुराव कुंपणापाशी दूध ठेवून लांब उभे राहायचे.

नवव्या दिवशी, शनिवारी, झुलेखानं कादरचे कपडे बाहेर काढले. मेलेल्या माणसाचे कपडे आमच्यात चाळिसाव्याच्या आत गरिबाला देतात. तो बाजारात अंगावर घ्यायचा ती घोंगडीही तिनं उन्हात पसरली. दान घाण देऊ नये म्हणून घोंगडीतल्या गोचिडी वेचून नखावर चिरडत बसली. गावाकडं सगळेच असं करतात. मी समोर बसून बघत होतो.

बाराव्या दिवशी हिंदुराव लांबूनच म्हणाले, "नूरभाई, तेराव्याला आमच्यात गोडाचं जेवान असतं. उद्या पाट मांडा, मी येतो."

"या की," झुलेखा म्हणाली. "पण ताट तुमचंच आणा." ती कितीतरी दिवसांनी हसली.

तेराव्या दिवशी दुपारी मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"उन्हात बसले होते," ती म्हणाली. ती उन्हात बसली नव्हती.

डॉक्टरीणबाई आल्या. कॅलेंडरवरचे दिवस त्यांनी दोनदा मोजले. मग दोरीवरच्या घोंगडीकडं त्यांचं लक्ष गेलं.

"ही कुणाची?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कॅलेंडरवरच्या शनिवारवर बोट ठेवलं आणि बुधवारपर्यंत नेलं.

"पुन्हा चार दिवस. मेंढरांच्या गोचिडीतूनही येतो हा ताप. मी माणसांचं विचारलं, पांघरुणाचं विचारलं नाही." मग माझ्याकडं वळल्या. "तुम्ही गोचिडी मारल्या?"

"न्हाई. मी नुसता बघत होतो."

"तरी आजपासून तुमचे तेरा दिवस नव्यानं."

दवाखान्याच्या गाडीत चढताना झुलेखानं माझ्याकडं हात केला. मी तो धरला नाही. बाईंनी हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

घोंगडी जाळली. मी एकटाच स्वतःच्या कपाळावर हात ठेवत दिवस मोजले. मला ताप आला नाही.

कादर अठ्ठावीस फेब्रुवारी १९७४ रोजी वारला. झुलेखा त्याच वर्षी एकवीस मार्चला, गुरुवारी सकाळी वारली.