पेवातला शब्द

कंदील पेवात तीन मीटर चाळीस सेंटिमीटरवर विझतो. मी सहा वेळा मोजलं. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला नाही. त्याखाली प्राणवायू नाही. त्याखाली माझे वडील राहतात.

अंगणातलं हे पेव आजोबांनी खणलं, वीस फूट. हळदीचा भाव पडला तेव्हा वडिलांनी, आबांनी, दोन वर्षांचं पीक त्यात भरून तोंड शेणामातीनं लिंपलं. पेव उघडलं की एक दिवस वारा खाऊ द्यायचा, मग कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भुंगा लागलाय का बघायला, आबा कंदिलाशिवाय उतरले.

"तीस वर्षं उतरतोय, अक्के," ते मला म्हणाले. "पेव मला वळखतंय."

दुपारी आईनं वाकून विचारलं, "अहो, हळद कशी हाय?"

"झ्याक. वजन वाढतंय. भाव आल्याबिगर काढायची न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी हितंच थांबतो."

प्रत्येक उत्तर यायला चार सेकंद लागले. ध्वनीच्या वेगानं खोली सहाशे शहाऐंशी मीटर निघाली. मी आकडा आईला सांगितला. तिनं फडक्यात भाकरी बांधली.

विहिरीचा नाडा, बैलांचे कासरे आणि तिची दोन लुगडी जोडून दोरी झाली. आठ दिवसांनी ती कमी पडली. तेव्हा आई रानात गेली, कडेची एक सरी दोन्ही हातांनी उचलली, झटकली आणि दोरीला गाठ मारली. सरी लांब होती. महिनाभर पुरली. पुढची पंधरा दिवस.

रानात चौसष्ट सऱ्या होत्या. मी वहीत खुणा करत गेले.

घर चालावं म्हणून आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जाऊ लागली. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रजा घेतली होती. श्रावणात पत्र आलं की आता येऊ नका. मीही खुरपं घेतलं.

दिवाळीत शेजारचे भूपालकाका टेम्पो घेऊन दारात आले. "वहिनी, भाव चढलाय. आता न्हाई तर कवा?"

"त्यांचा शब्द येऊ दे," आई म्हणाली. खालून टोपल्या आबांनीच भरून द्यायच्या होत्या.

"वाट बघा. तो पेवात उतरलाय का पेव त्याच्यात, तेच कळंना."

आईनं सकाळी विचारलं. काका ओट्यावर तीन वेळा चहा प्यायले. दिवे लावताना उत्तर आलं.

"थांबा."

काका रिकामा टेम्पो घेऊन गेले. आठवड्यात भाव उतरला.

संक्रांतीला मी पेवाच्या काठावर पालथी पडून ओरडले, "आबा, हळद काढायची का?" त्याचं उत्तर आलं नाही. भाकरी मात्र रोज खाली जात होती. आई आता दोन दिवसांना एक सरी उचलत होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी एकच सरी उरली. तिच्या पलीकडे भूपालकाकांचा बांध आमच्या ओट्याला टेकला होता. आई वाकली आणि सरीखाली बोटं घातली.

"आई, ही राहू दे," मी म्हणाले. "हिच्यात चार कंद तरी लावू."

तिनं बोटं सरीखालून काढून घेतली. मग पेवापाशी आली, खुंट्यावरची गाठ सोडली आणि दोरी हातातून जाऊ दिली. त्रेसष्ट सऱ्या खाली गेल्या. मी घड्याळ लावलं होतं. पडल्याचा आवाज आला नाही.

आईनं शेणमाती कालवली. फळ्या ठेवल्या. कडेनं लिंपत ती मध्यापर्यंत आली. हातभर जागा उरली, तेव्हा खालून खोकला ऐकू आला, आबा बोलण्याआधी खोकतात तसा. संक्रांतीच्या प्रश्नाचं उत्तर आत्ता पोचत होतं. आईचा शेणमातीचा हात फळीवर थांबला.

"काढा, अक्के," आबा म्हणाले. "भाव असू दे, नसू दे. दोरी घट धर. मलाबी वर घ्या."