चिंधी न बांधलेला वेल

तो मूळचा नळवाला. कलावंतांना महिनाभर येऊन राहायला, काम करायला खोल्या बांधायच्या आणि भोवती न नांगरता, न खुरपता वाढणारी पर्माकल्चरची बाग करायची, हे सगळं डोकं बायकोचं. त्याने नळ जोडले, टाकी चढवली आणि पाहुण्यांनी तुंबवलेल्या मोऱ्या उपसल्या. एवढे मोठे कलाकार, पण केस सगळे मोरीतच सोडतात, असं तो म्हणायचा आणि ती हसून हसून भिंतीला टेकायची.

आता ती नव्हती. खोल्या होत्या, बाग होती, मोऱ्या तुंबत होत्या.

मुलीने फोनवर एकच धोशा लावला होता: बाबा, गाशा गुंडाळा आणि माझ्याकडे या. तो म्हणायचा, आईच्या घेवड्याचं बी एकदा माझ्या हातून निघू दे, मग बघू. मुलीला वाटायचं, बाबा टाळताहेत. पण तो टाळत नव्हता. जांभळ्या ठिपक्यांचा तो घेवडा बायकोने माहेराहून आणला होता आणि दरवर्षी घरचंच बी धरून टिकवला होता. यंदा बरणीतलं होतं नव्हतं ते सगळं बी त्याने पेरलं. बरेचसे कोंब गोगलगायींनी खाल्ले. कुंपणाजवळचा एक वेल तेवढा तगला आणि शेंगांनी लगडला. एवढं एक जमलं तर बाकीचंही रेटता येईल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

नव्या पाहुण्याला बायको बागेचा एकच नियम सांगायची. वाळलेलं काहीही घ्या, तुमच्या कामाला लावा. फक्त चिंधी बांधलेल्याला हात लावू नका. बियाण्यासाठी राखलेलं झाड शेवटी शेवटी मेल्यासारखंच दिसतं, पानं झडलेली, शेंगा काळवंडलेल्या. म्हणून ती त्याला आपल्या जुन्या कपड्याची चिंधी बांधायची. ती गेल्यावर तोही पाहुण्यांना हेच सांगत आला होता, शब्दही न बदलता.

चिंधी बांधणं मात्र त्याला जमलं नाही. त्याने किती वेळा कपाट उघडलं, तिचा एखादा कपडा बाहेर काढला, कात्री हातात घेतली आणि घडी पुन्हा होती तिथे ठेवून दिली. दुसरं कुठलंही फडकं चाललं असतं. पण त्यालाही मन घेईना. आज बांधू, उद्या बांधू करता करता वेल वाळला.

तेव्हा हाताने कागद बनवणारी एक बाई राहायला होती. कामाची होती, बोलणं कमी. मोरी स्वतः साफ करायची, त्यामुळे त्याच्या मर्जीतली. एका सकाळी ती दोन्ही तळहातांवर एक कागद धरून स्वयंपाकघरात आली.

"काका, हा तुमच्यासाठी. तुमच्याच बागेतला आहे. काकूंच्या आठवणीत केला."

कागद तपकिरी होता, जाडसर. त्याने उजेडात धरला तर आत बारीक जांभळट कण दिसले. कशाचा केला, त्याने विचारलं. कुंपणाजवळच्या त्या मेलेल्या वेलाचा, ती म्हणाली. शेंगांसकट धुण्याच्या सोड्यात दिवसभर उकळला आणि कुटला. मग तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं.

"चिंधी नव्हती, काका. मी सगळीकडून बघितलं होतं."

"नव्हती," तो म्हणाला.

रागवायचं तर कोणावर? त्याने सांगितलं होतं तसंच तिने केलं होतं. ती रडायला लागली तेव्हा त्यानेच तिला खुर्ची दिली, चहा टाकला.

नंतर तो कुंपणाखाली गुडघ्यांवर बसला आणि पालापाचोळा चिवडू लागला. शेंगांतून सांडलेले थोडे दाणे मिळाले. सगळे किडके. नखाने दाबलं की आतून पीठ निघायचं. तरी त्याने ते अंगठ्याने मातीत दाबले, बायको दाबायची तसे, आणि रोज पाणी घातलं. तण तेवढं उगवलं. कागदवाली बाई खोली झाडून, मोरी घासून निघून गेली. तेव्हाही तिथे घेवड्याचं पान नव्हतं.

त्याने मुलीला फोन लावला. पुढच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळव, म्हणाला.

"आणि आईचा घेवडा?"

"त्याचा कागद झाला."

बाबांची नेहमीची थट्टा समजून ती हसली. तो हसला नाही.

"मी न्यायला येते, बाबा," ती म्हणाली.

"ये."

फोन ठेवून त्याने कपाट उघडलं. ज्या कपड्यांना कात्री लावायला हात धजावला नव्हता, त्यांच्या घड्यांवर तो कागद ठेवला आणि दार लावलं. मग सवयीने बाहेर जाऊन कुंपणाजवळचा नळ सोडला. पाणी तणावर पडत राहिलं. बंद करायचा म्हटलं तर हात नळाजवळच होता, पण त्याने तो बराच वेळ बंद केला नाही.