डुकराचा रुपया

मी एक जुना रुपया आहे. चांदीचा, खणखणीत, बंदा. आता लगेच मला दगडावर आपटून बघू नका. जन्मभर लोकांनी तेच केले. कुणी आपटले, कुणी दाताखाली धरले, कुणी कानाशी नेऊन वाजवले. ज्याच्यावर सगळे संशय घेतात तोही हळूहळू सगळ्यांवर संशय घ्यायला शिकतो. मित्रांनो, तुमच्यावरही माझा थोडा आहेच. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसलात की माझे वजन करायला, हे मला अजून कळलेले नाही.

माझा जन्म १९११ साली मुंबईच्या टांकसाळीत झाला. माझ्या एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा होता. त्याच्या झग्यावर एक माळ होती आणि त्या माळेत एक चिमुकला हत्ती. सगळा घोटाळा त्या हत्तीने केला. कोरणाऱ्याने त्याची सोंड आखूड ठेवली आणि पाय बुटके केले. लोकांनी निरखून बघितले आणि एकच ओरड झाली, बादशहाच्या छातीवर डुक्कर आहे! हिंदू म्हणाले, हा धर्म बाटवायचा डाव आहे. मुसलमानही तेच म्हणाले. सरकार घाबरले. आम्हाला परत बोलावून बहुतेकांना वितळवून टाकले आणि पुढच्या वर्षी सोंड नीट केलेले रुपये काढले. मी त्याआधीच टांकसाळीबाहेर पडलो होतो, म्हणून वाचलो. पण तेव्हापासून माझे नाव पडले ते पडलेच. डुकराचा रुपया.

फिरत फिरत मी पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात आलो. तिथल्या एका व्यापाऱ्याने मला चार चांगल्या रुपयांच्या मधे दडवून मुरगूडच्या एका गृहस्थाच्या हातात सरकवले. घरी गेल्यावर त्याच्या बायकोने मला उजेडात धरले आणि कपाळावर हात मारला. "आवो, ह्याच्यावर डुक्कर हाय की! माझ्या देव्हाऱ्यात ह्यो ठिवायचा न्हाय!"

झाले. बाकीचे रुपये देव्हाऱ्यात गेले. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांना चिंचेने घासत, दुधाने धूत, हळदकुंकू वाहत. मला एका पत्र्याच्या डबीत, चिंध्यांच्या खाली टाकले होते. मला वाईट वाटे. पण घासून घासून त्या राणीछाप रुपयांवरच्या राणीचे नाक झिजून गेले आणि मी मात्र टांकसाळीतून आलो तसाच कोरा राहिलो. कुणाचा हातच लागला नाही, तर झिजणार कसा?

त्या घरातली मुलगी तानाबाई. आईबाप गेल्यावर देव्हाऱ्यातले रुपये आणि डबीतला मी, सगळे तिच्याकडे आलो. ती मुरगूडच्या बाजारात भाजलेल्या शेंगा विकायची. संशयात ती माझ्यापेक्षाही दोन पावले पुढे होती. मापात शेंगा भरताना गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघायची आणि पैसे घेताना त्याच्या तोंडाकडे. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने जुने चांदीचे रुपये परत मागवले आणि निम्म्या चांदीचे नवे रुपये काढले. तानाबाईने आम्हाला परत केले नाही. म्हणाली, "खरं घ्यायचं आणि खोटं द्यायचं, ह्यो सरकारचा बाजार मला ठावं हाय." पुढे स्वातंत्र्य आले, निकलचे रुपये आले, तरी आम्ही तिच्याजवळच राहिलो.

तिच्या या संशयाला कारण होते. तिची एकुलती एक लेक नंदिनी आजऱ्याला दिली होती. लग्नात तानाबाईने तिला पैंजण केले. सोनाराकडे विश्वासाने चांदी दिली आणि बाजारातून येते म्हणून निघून गेली. एका पावसाळ्यात ते पैंजण काळेठिक्कर पडले. नंदिनीच्या सासूने चार बायकांसमोर ते दगडावर घासले आणि म्हणाली, "मुरगूडची चांदी पावसात गंजती जणू!" तेव्हापासून त्या घरात नंदिनी मान वर करून बोलत नसे. माहेरचे नाव निघाले की स्वयंपाकघरात निघून जात असे. तानाबाईला हे शल्य रात्रंदिवस टोचत होते.

मग बऱ्याच वर्षांनी नंदिनीला मुलगी झाली. सरोजिनी तिचे नाव ठेवायचे ठरले. बारशाला आजोळकडून चांदीचे वाळे जायला हवेत. तानाबाईने ठरवले, ह्या खेपेला चांदी अशी न्यायची की सासूने पाट्यावर घासली तरी पांढरीच निघाली पाहिजे. तिने देव्हाऱ्यातले चार रुपये काढले. वजन कमी पडेल म्हणून डबीतून मलाही काढले आणि मोटारीने कोल्हापूर गाठले.

कोल्हापुरात सोन्याचांदीची दुकाने गुजरीत. तिथे मी पहिल्यांदाच गेलो आणि माझा जीव उडाला. तिथे आम्हाला कुणी बघतच नव्हते, नुसते जोखत होते. रुपया म्हणजे तोळाभर चांदी, एवढीच आमची ओळख. पारड्यात पडला की मुशीत गेला. मूस म्हणजे धातू वितळवायचे मातीचे भांडे. कुठल्या जुन्या राजवटीचे, फारसी अक्षरांचे एखादे देखणे नाणे येई, तेही तसेच जाई. कुणाचे नाव, कुठले साल, कुणी उलटून बघत नसे.

तानाबाई जोतीराम पोतदाराच्या दुकानात शिरली. जोतीराम तिशीतला, गोड बोलणारा. मला तो पहिल्यापासूनच खटकला. गोड बोलणाऱ्याच्या हातात पडलेली चांदी हलकी होते, असे आमच्यात म्हणतात.

तानाबाई शेगडीसमोर मांडी ठोकून बसली. "हितंच बसणार. माझ्या डोळ्यादेखत वितळीव. सोनार सख्ख्या आईला सोडत न्हाय."

"बसा की मावशी," जोतीराम हसून म्हणाला. गुजरीत हे रोजचेच होते. गिऱ्हाइकाने समोर बसायचे, डोळे फाडून मुशीकडे बघायचे आणि सोनाराने ते निमूटपणे सोसायचे.

त्याने एकेक रुपया पारड्यात टाकला. मला उचलले आणि त्याचा हात थबकला. त्याने मला उजेडाकडे नेले, साल बघितले, हत्ती बघितला. मग तानाबाईकडे न बघता म्हणाला, "मावशी, ह्यो रुपया जरा डागी दिसतोय. बाजूला ठिवूया. ह्याच्या बदली माझा राणीछाप घालतो."

तिथेच सगळे बिघडले. तानाबाईने मला त्याच्या हातातून हिसकावले आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटले. मी खणखणीत वाजलो. दुसरे काय करणार? मला तेवढेच येते.

"डागी?" तानाबाई ओरडली. "ह्यो डागी? मला शेंडी लावतोस व्हय रं?"

जोतीरामचा चेहरा पडला. "बरं, चुकलो. दोन राणीछाप देतो ह्याचं."

"एकाचं दोन? कशापायी?"

"तीन घ्या की मग!"

जोतीराम जसजसा वाढवत गेला तसतशी तानाबाईची खात्री पटत गेली. आणि खरे सांगतो मित्रांनो, माझीही. जन्मभर ज्याला कुणी देव्हाऱ्यात घेतले नाही, त्याला हा माणूस तीन रुपये देतो? दाल में कुछ काला है, हे न कळण्याइतका मी कच्च्या चांदीचा नव्हतो.

शेवटी जोतीरामने खरे काय ते सांगितले. गणपतराव म्हणून एक गृहस्थ होते. संस्थानच्या खजिन्यातली नोकरी संपवून घरी बसलेले. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद. ते सायकलवरून गुजरीत येत आणि दुकानादुकानांत सांगून जात, की अकरा सालचा, आखूड सोंडेचा रुपया आला तर मुशीत टाकू नका, मी शंभर रुपये देईन. सगळे सराफ त्यांच्या पाठीमागे हसत. जोतीरामला वाटले होते, गुपचूप बदलून घ्यावा आणि नफा आपण खावा. "माझी नियत फिरली मावशी, कबूल हाय," तो म्हणाला. "पर आता खरं सांगतोय. ह्यो रुपया मोलाचा हाय. वितळवू नका."

"एका रुपयाला शंभर?" तानाबाईने तोंडाला पदर लावला. "आजून सांग की. राजाचा हत्ती बी देतो म्हण."

"मग घेऊन जावा घरी. चार रुपयांचंच वाळं करू."

"म्हंजी तोळाभर कमी पडलं की तू कथील घालणार!"

"उद्या या. गणपतराव वडगावला गेल्यात, उद्या येतील. त्यांनाच समोर उभा करतो."

"आणि उद्यापतूर त्यांला पढवून ठिवशील. परवा बारसं हाय माझ्या नातीचं. टाक मुशीत."

जोतीराम हात जोडून बसला. तो पहिले वाक्य खोटे बोलला होता, म्हणून पुढचे एकही खरे तिला खरे वाटेना. मला माझा हत्ती आठवला. तो हत्तीच होता. पण एकदा डुक्कर म्हटल्यावर तो बिचारा कुणाला काय सांगणार?

"आईच्यान सांगतो, ह्याला वितळवायला माझा जीव हुईना," जोतीराम म्हणाला. तेव्हा तानाबाई उठली आणि तिने मला स्वतःच्या हाताने मुशीत टाकले. भाता चालू झाला. जोतीरामने चांदी नीट वितळावी म्हणून वर टाकणखाराची चिमूट टाकली, तर ती दचकून म्हणाली, "हे पांढरं काय घातलंस?" तेवढेच मला ऐकू आले. मग बादशहा गेला, हत्ती गेला, साल गेले.

आता तुम्हाला शंका आली असेल की वितळलेला रुपया बोलतो कसा. शंका रास्त आहे. पण मुशीत छाप वितळतो, चांदी नाही. मी त्या वाळ्यांमध्ये होतो, दुसऱ्या चौघांशी मिसळून गेलेला. आणि एक गोष्ट मला मान्य केलीच पाहिजे. आजऱ्याच्या सासूने बारशाच्या दिवशी ते वाळे दगडावर घासले, आणि पांढरी रेघ उठली. नंदिनी त्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने हसली. तानाबाई घरी गेल्यावर ढसाढसा रडली. एवढ्यासाठी वितळलो असे मी मनाला समजावले.

पुढे सहा-सात वर्षांनी नवे पैसे आले. जो तो नाण्यांबद्दल बोलू लागला. गणपतरावांनी कोल्हापुरातल्या एका शाळेच्या सभागृहात आपल्या नाण्यांचे प्रदर्शन मांडले. सरोजिनीचे वाळे मोडून तिला साखळ्या करायच्या म्हणून तानाबाई त्याच दिवशी शहरात आली होती. गर्दी दिसली म्हणून आत शिरली. मी तिच्या कमरेच्या चंचीत होतो. काचेखाली, मखमलीवर, माझा एक झिजलेला भाऊ ठेवला होता. तानाबाईने त्याला लगेच ओळखले.

"ह्यो डुकराचा रुपया हितं कशाला?" तिने विचारले.

"मावशी, ते डुक्कर नाही, हत्ती आहे," गणपतराव म्हणाले. "आणि हा एवढा झिजलेला असूनही एका दुभत्या म्हशीच्या मोलाचा आहे. कोरा मिळाला असता तर मी घर गहाण टाकून घेतला असता."

 तानाबाईचा हात चंचीवर घट्ट दाबला गेला.  ती तडक गुजरीत आली. जोतीरामच्या कानशिलावरचे केस आता पांढरे झाले होते. तिने वाळे त्याच्यापुढे ठेवले आणि उभ्यानेच विचारले, "जोतीराम, खरं सांग. त्या दिशी म्या मुशीत टाकला, त्यो त्योच व्हता का?"

जोतीरामने तिच्याकडे बघितले. तिचे ओठ सुकले होते. शेंगांच्या टोपलीपासून नातीच्या साखळ्यांपर्यंत सगळे आयुष्य तिने कुणी फसवू नये म्हणून डोळ्यात तेल घालून काढले होते. आणि आता तिला जाणून घ्यायचे होते, की शेवटी फसवले कुणी.

"न्हाय मावशी," जोतीराम म्हणाला. "त्यो बारा सालचा व्हता. सोंड चांगली लांब व्हती. मीच नीट बघितला न्हवता. तुमी वितळिवला ते बरं झालं, न्हायतर माझीच फजिती झाली असती."

"शपथ घे."

"अंबाबाईची शपथ."

तानाबाईने मोठा श्वास सोडला. तिच्या तोंडावर रंग आला. मग त्या पैंजणांनंतर तिने कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. "मग तू कर साखळ्या," ती म्हणाली. "मी देवळात जाऊन येती." आणि वाळे त्याच्याजवळ सोडून, मागे वळूनही न बघता ती निघून गेली.

तो खरे सांगत होता तेव्हा तिने ऐकले नाही. खोटे बोलला आणि ते मात्र तिला पटले. हे त्याने तिच्यासाठी केले की आपल्या मनावरचा जुना डाग झाकायला, याची मला आजही शंका आहे. त्याने मला बराच वेळ तळहातावर धरले होते. शेगडी त्याने पेटवली नाही. ती परत आल्यावर तो म्हणाला, "तुमी समोर बसल्याबिगर मी मूस लावणार न्हाय." ती बसली, आणि भिंतीला टेकून झोपी गेली.

मित्रांनो, आता मी सरोजिनीच्या पायात साखळी होऊन वाजतो. आवाज बरा आहे. पण तुमच्या घरात, डबीत, चिंध्यांखाली माझा एखादा भाऊ पडला असेल, तर त्याला तोळ्यात मोजण्याआधी उलटून बघा. साल वाचा, हत्ती बघा. कुणी म्हणाला हा मोलाचा आहे, आणि तो माणूस लबाड वाटला, तर खुशाल संशय घ्या. मीही घेतो. पण तो घेऊन घरी जा, मुशीकडे जाऊ नका. चार जणांना विचारा, उद्या विचारा, पुढच्या वर्षी विचारा. आमच्यापासून वाळे होतात, साखळ्या होतात. वाळ्याचा पुन्हा रुपया मात्र कुठलाच सोनार करू शकत नाही.