एकाच बागेतले तीन ग्लास

थोरलीने आईच्याच बागेतल्या पांढऱ्या द्राक्षांपासून तीन प्रकारची वाइन केली होती. आज ती घरच्यांना पहिल्यांदाच चाखायला देताना तिचा जीव टांगणीला लागला होता, कारण तिच्या या उद्योगाबद्दल आईने तीन वर्षांत चकार शब्द काढला नव्हता.

"तिन्ही एकाच द्राक्षाच्या? काहीतरीच!" मामा म्हणाला. "एक आंबट, एकीला लाकडाचा वास, एक मधासारखी गोड. भाचे, मामाला मामा बनवू नकोस!"

सगळे हसले. थोरली समजावायला लागली.

तेवढ्यात आईने तिन्ही ग्लास पुढे ओढले आणि एकेकाचा नुसता वास घेतला. "ही लवकर तोडलेली. ही वेळेवर तोडून लाकडी पिंपात मुरवलेली. आणि ही विहिरीकडच्या ओळीतली, सुरकुतेपर्यंत वेलीवरच ठेवलेली. मला वाटत होतं, वाया जातील."

मग तिने त्या तिसऱ्या ग्लासातला एक घोट घेतला.

"दादा, द्राक्ष एकच आहे. मी चाळीस वर्षं त्याच्या पेट्या भरल्या. माझ्या पोरीने बघ त्याचं काय केलंय!"

थोरलीने ताठ मानेने मामाचा ग्लास पुन्हा भरला.