कोऱ्या कागदांच्या पताका

मित्रांनो, मी एक जुना ब्रेल टाइपरायटर आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आत्मवृत्त म्हटले की लोक गोड काहीतरी ऐकायला बसतात. माझ्या अंगावर सहा कळा आहेत, तीन डाव्या हाताच्या, तीन उजव्या हाताच्या, आणि मध्ये जागा सोडण्याची एक. माझ्यात शाई घालत नाहीत. कळा दाबल्या की जाड कागदावर ठिपके उठतात आणि अंध माणसे ते बोटांनी वाचतात. ओळ संपत आली की माझी घंटा वाजते. एवढेच माझे काम. पण ते समजून घ्यायला डोळसांना किती वर्षे लागतात, ते मी पाहिले आहे.

१९९४ साली मी शहापुराकडच्या एका साधन कक्षात आलो. साधन कक्ष म्हणजे अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी आलेल्या वस्तूंची खोली. खोक्यातून काढताच माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने साठा क्रमांक लिहिला गेला. "महागाची वस्तू आहे, पोरं मोडतील," असे म्हणून कक्षाचे प्रमुख गोजर सर यांनी मला कपाटात घातले आणि किल्ली खिशात टाकली. तपासणीला साहेब आले की कपाट उघडायचे, मला मोजायचे, पुन्हा कुलूप. दोन वर्षांत एकाही अंध मुलाचे बोट मला लागले नाही. मोडलो मात्र मी अजिबात नाही, याचे सरांना फार समाधान होते.

१९९६ मध्ये माधुरीबाई आल्या. खर्डीच्या शेतकरी घरातल्या. चार वर्षांच्या असताना तापात त्यांची दृष्टी गेली होती. शहरातल्या अंधशाळेत शिकून, शिक्षिकेची पदवी घेऊन त्या फिरत्या शिक्षिका झाल्या होत्या. शहापूर आणि मुरबाडच्या गावोगावच्या शाळांत जाऊन अंध आणि कर्णबधिर मुलांना शिकवायचे, हे त्यांचे काम. पहिल्याच दिवशी त्यांनी सरांकडे किल्ली मागितली. सर म्हणाले, "बाई, जबाबदारी माझ्यावर येते." बाई म्हणाल्या, "मुलांची पण तुमच्यावरच येते, सर." सरांनी किल्ली दिली. त्या दिवशी माझी घंटा प्रथम वाजली.

बाईंची आई हौसाबाई रोज सोबत यायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली आणि टोपलीत मी. एसटीतून उतरले की पायवाट सुरू. बाई आईच्या खांद्यावर हात ठेवून चालत.

वर्षातून एकदा शिक्षकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण असे. एका वर्षी मोठी पदवी असलेले एक पाहुणे आले. त्यांनी सांगितले, अंध मुलांना गाणी शिकवा, त्यांचा आवाज गोड असतो. कर्णबधिर मुलांना चित्रे काढायला बसवा, ती शांत राहतात. शिक्षकांनी वहीत उतरवून घेतले. मी टेबलावर शोभेला होतो, माझे सगळे अंग तापले. बाई उठून म्हणाल्या, "सर, तुम्ही आजवर किती अंध मुलांना शिकवलंत?" पाहुणे हसले. "मी मुलांना नाही शिकवत, बाई. मी शिक्षकांना शिकवणाऱ्यांना घडवतो."

घरी जाताना बाई म्हणाल्या, "आई, मी पीएच.डी. करणार. ही माणसं जिथं घडतात तिथं जाऊन बसल्याबिगर हे थांबायचं नाय."

"कर गो," हौसाबाई म्हणाली. "चालायला मी हाय."

बाईंनी २००१ साली विद्यापीठात नाव नोंदवले. विषय होता, खेड्यातल्या अंध आणि कर्णबधिर मुलांना शिकवणारे शिक्षक कसे तयार करावेत. त्यासाठी एकसष्ट मुलांच्या घरी जायचे, दिवसभर बसायचे आणि नोंदी करायच्या असे ठरले. मुरबाडच्या डोंगराकडेच्या एका पाड्यावर नऊ वर्षांची भिमा होती. जन्मापासून अंध. तिची आई धोंडीबाई म्हणाली, "शालंत नाव हाय तिचा. पर मास्तर सांगतो, घरीच ठेव, पडंल बिडंल." भिमा मात्र ओसरीत बसून सुपातले खडे वेचत होती, भराभरा, एकही न चुकता. बाईंनी तिची बोटे माझ्या कळांवर ठेवली. दुपारपर्यंत तिला आपले नाव लिहिता येऊ लागले. शाळेने तीन वर्षांत जे केले नाही ते एका दुपारीत झाले, मग मी रागावू नको तर काय करू?

तीन वर्षांत नोंदींचे चारशेवर कागद झाले. ठिपके दबू नयेत म्हणून बाई ते मोकळे रचून कक्षाच्या कपाटात ठेवत. प्रबंध ३१ मार्च २००५ पर्यंत द्यायचा होता, आणि मूळ नोंदी दाखवल्याशिवाय विद्यापीठ तो घेणार नव्हते. तारीख चुकली तर नोंदणी रद्द. शिवाय जिल्ह्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे नवे केंद्र निघायचे होते आणि त्याच्या प्रमुखाला पीएच.डी. हवीच होती. बाईंनी ती मिळवली नसती, तर तेच हसरे पाहुणे तिथे बसणार होते.

३ डिसेंबर २००४. अपंग दिनाचा कार्यक्रम. मला व्यासपीठावर मांडून झेंडूचा हार घातला होता. हाराचा दोरा माझ्या कळांत अडकला तरी कुणाचे लक्ष नव्हते. मंडपभर पताका लावल्या होत्या, लाल आणि हिरव्या रंगवलेल्या. बाई आईबरोबर दारातून आत आल्या. एक पताका त्यांच्या गालाला लागली. ती बाजूला करायला त्यांनी हात वर नेला आणि हात तिथेच थांबला.

त्यांची बोटे पताकेवरून फिरू लागली. त्या मोठ्याने वाचू लागल्या. "भिमा, वय नऊ. सुपातले खडे आईपेक्षा लवकर वेचते. शाळेत विचारले तर म्हणतात..." पुढे कात्री लागली होती.

गोजर सर धावत आले. "बाई, ते कोरे कागद होते हो. एक अक्षर नव्हतं त्यांवर. किडीनं टोचलेले वाटले, म्हटलं वाया कशाला घालवायचे."

सर वाईट माणूस नव्हते. म्हणूनच मला जास्त चीड येते. आठ वर्षे त्यांच्या समोर मी खडखडत होतो, घंटा वाजत होती, आणि माझ्यातून निघालेल्या कागदावर त्यांनी एकदाही बोट फिरवून पाहिले नव्हते.

बाई रडल्या नाहीत. व्यासपीठावर गेल्या आणि म्हणाल्या, "या पताकांवर माझ्या मुलांची नावं आहेत. कार्यक्रम झाला की एकेक उतरवून द्या. आणि पायाखाली घेऊ नका." लोक खाली बघत बसले. त्या दिवशी भाषणे लवकर संपली.

पताकांतून सतरा मुलांच्या नोंदी जुळल्या. बाकीच्या चव्वेचाळीस पुन्हा करायच्या होत्या, आणि हाताशी चार महिनेसुद्धा नव्हते. त्यात दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. माणसे मुलाबाळांसकट वीटभट्टीवर जातात. दारोदार कुलुपे बघून हौसाबाई म्हणाली, "आता काय करायचा गो?" बाई म्हणाल्या, "भट्टीवर जायचं." मग आम्ही भट्ट्या हिंडलो. माझ्या कळांत लाल धूळ बसली, ती अजून निघालेली नाही. तिथे एक कर्णबधिर मुलगी भेटली. शाळेत तिला हट्टी म्हणून मागे बसवत, तिला ऐकू येत नाही हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. बाईंनी भट्टीवरच्या मुलांचे वेगळे प्रकरण लिहिले. ३१ मार्चला दुपारी प्रबंध विद्यापीठात पोहोचला.

तोंडी परीक्षेला बाईंनी मलाही नेले. एका परीक्षकांनी विचारले, "तुम्हाला दिसत नाही, मग निरीक्षण कसं केलंत?" बाईंनी पिशवीतून लाल पताका काढून त्यांच्या हातात दिली. "यावर काय लिहिलंय, सर?" त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "काहीच नाही." बाई म्हणाल्या, "एका मुलीची शाळेत वाया गेलेली तीन वर्षं लिहिली आहेत." २००६ साली बाई डॉक्टर माधुरी झाल्या, आणि २००८ मध्ये केंद्र उघडले तेव्हा त्याच्या प्रमुखही. शिक्षकांचे शिक्षक व्हायला, पीएच.डी. करायला जे येतील त्यांच्यासाठी त्यांनी नियम केला: पहिले सहा महिने मुलांच्या घरी, ग्रंथालय नंतर.

आणि माझे काय झाले? केंद्रात नवे ब्रेल टाइपरायटर आले आणि व्यवस्थापकांनी माझा मान राखला. मला दारातल्या काचेच्या कपाटात बसवले, कुलूप घातले आणि छापील पाटी लावली. पाटीवर काय आहे ते बाईंना वाचता येत नव्हते, आणि वर्षभर कुणाला ते सांगावेसेही वाटले नाही.

२००९ मध्ये भिमा केंद्रात आली. आता पंधरा वर्षांची, दहावीला बसणार होती. भिंत चाचपत ती माझ्यापाशी पोहोचली आणि काचेवर हात ठेवला. लगेच शिपाई म्हणाला, "ए गो, पाटी लावलीय ना तिथं."

"कसली पाटी?" आतून बाईंनी विचारले.

शिपाई वाचू लागला आणि मध्येच अडखळला. "हात लावू नये," एवढेच होते तिच्यावर.

बाईंनी किल्ली मागवली. मला बाहेर काढले, कागद घातला आणि भिमाला पुढे बसवले. वर्षभरात कळा आखडल्या होत्या, तरी भिमाने त्या दाबल्या. दोनच शब्द लिहिले: हात लावा. तो कागद तिने स्वतः चाचपून कपाटाच्या दारावर चिकटवला. कपाटाला आता कुलूप नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. आम्हाला जपा म्हणजे कुलपात ठेवा असे नाही. वापराने मी झिजलो तर चालेल, धूळ खात मरायचे नाही. आणि एखादा जाड कागद कोरा दिसला तर कात्री घेण्याआधी त्यावरून बोट फिरवा. भिमाची पाटी अजून कपाटाच्या दारावर आहे. येणारे-जाणारे डोळस लोक विचारतात, हा कोरा कागद इथे कशाला लावलाय?