ओचेरेची मूळ संख्या

ओचेरेला सापडली. मला नाही, ओचेरेला! कुमासीच्या कॉलेजात आम्ही दोघंही गणित शिकवतो आणि अकरा वर्षं आपापल्या कॉम्प्युटरवर प्रचंड मोठी मूळ संख्या शोधतोय. दोनाचा कुठलातरी घात घ्यायचा, त्यातून एक वजा करायचा, की झाली आपली संख्या. मग ती तपासायला चारापासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागून उरलेल्या बाकीचा पुन्हा वर्ग, असं कोट्यवधी वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ.

मी नेहमी कोऱ्या संख्या घ्यायचे, ज्यांना जगात कुणी हात लावलेला नाही अशा. ओचेरे मात्र इतरांनी ‘मूळ नाही’ म्हणून सोडून दिलेल्या संख्या पुन्हा तपासत बसायचा. “दुसऱ्यांचं उष्टं खातो,” असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणायचे. तो हसायचा. त्यातच त्याला घबाड मिळालं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शोध जाहीर करण्याआधी तो दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासावा लागतो. ओचेरे तळलेल्या केळ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे आला.

“आफ्रिये, तूच तपास. तुझ्याइतकी खडूस बाई मला कुठे मिळणार?”

“चूक निघाली तर रडत येऊ नकोस.”

“येणार! तुझ्याच खांद्यावर रडणार.”

पाच दिवस मी देवाला विनवत होते, बाकी काहीही येऊ दे, शून्य नको. रविवारी चर्चमध्येसुद्धा हेच मागितलं. लाज वाटली, तरी मागितलं. सहाव्या दिवशी दुपारी पडद्यावर शून्य आलं.

निकाल कळवायचा फॉर्म भरताना मी त्या संख्येची जुनी नोंद उघडली. सहा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा तपासली होती आफ्रिये बोआडूने. म्हणजे मीच. बाकी शून्य नाही, म्हणून मूळ नाही.

तो महिना मला आठवला. वीज सारखी ये-जा करत होती. तपासलेल्या संख्यांच्या यादीत ओचेरे माझ्यापेक्षा दोनने पुढे होता, ते मला बघवेना. वेळ वाचावा म्हणून मी मधल्या चुका पकडणारी तपासणी चक्क बंद करून टाकली होती. कुठेतरी एखादा आकडा बिघडला असणार. माझ्या हातातली संख्या मीच फेकून दिली होती.

ओचेरे दारात येऊन उभा राहिला. “काय आलं गं?”

“शून्य. मूळ आहे.” मग मला राहवेना. “जुनी नोंद तू पाहिली होतीस?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग कॉलेजभर बोंब का नाही मारलीस?”

“कशाला? नोंद तुझी होती, म्हणून तर तुझ्याकडे आणली. आता शोध तपासणारी म्हणून तुझंही नाव लागेल. जुनी नोंद कोण उघडून बघतंय?”

मी मान खाली घालून फॉर्म पाठवला. त्याने मला हिणवलं असतं, तर मी त्याला माफ केलं असतं.